ऑक्ताव्ह लापीझ

ऑक्ताव्ह लापीझ (२४ ऑक्टोबर, १८८७ – १४ जुलै, १९१७) हे विसाव्या शतकाच्या प्रारंभीचे नामवंत फ्रेंच सायकलपटू होते. इ.स. १९१० ची तूर द फ्रान्स (मराठी वृत्तपत्रांतील रूढ नाव टूर डी फ्रान्स) ही शर्यत त्यांनी जिंकली. त्याच शर्यतीत पिरेनीज पर्वतातील तूरमाले खिंड प्रथमच मार्गात समाविष्ट झाली होती आणि तिच्या माथ्यावर सर्वांत आधी पोहोचण्याचा मान लापीझ यांना मिळाला. पॅरिस–रूबे ही खडतर शर्यत त्यांनी सलग तीन वेळा जिंकली. पहिल्या महायुद्धात लढाऊ वैमानिक म्हणून काम करीत असताना वयाच्या २९व्या वर्षी त्यांना वीरमरण आले.

लापीझ यांच्या नावावरील विजयांची यादी मोठी असली, तरी सायकल शर्यतींच्या इतिहासात त्यांचे स्मरण प्रामुख्याने २१ जुलै, १९१० या एका दिवसासाठी केले जाते. त्या दिवशी त्यांनी डोंगर जिंकला आणि त्याच दिवशी डोंगरातून शर्यत नेणाऱ्या आयोजकांवर त्यांनी उघड संतापही व्यक्त केला. खेळाडूकडून किती कष्टांची अपेक्षा करावी, हा प्रश्न तेव्हापासून या खेळात सतत विचारला जात आहे.

प्रारंभीचे जीवन

लापीझ यांचा जन्म पॅरिसच्या दक्षिणेस लागून असलेल्या माँरूज या गावी झाला. बांध्याने ते लहानखुरे होते. कुरळ्या केसांमुळे चाहत्यांनी त्यांना 'कुरळकेशी' अशा अर्थाचे टोपणनाव दिले होते. त्या काळी फ्रान्समध्ये सायकल ही चैनीची वस्तू राहिली नव्हती. कारखान्यांतून ती मोठ्या संख्येने तयार होऊ लागली होती आणि शर्यतीत यश मिळवून नाव व पैसा कमावता येतो, हे कामकरी वर्गातील तरुणांना दिसू लागले होते.

हौशी खेळाडू म्हणून लापीझ यांनी १९०७ मध्ये शेताबांधांतून व चिखलातून होणाऱ्या सायक्लो-क्रॉस या प्रकारात फ्रान्सचे विजेतेपद मिळवले. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये १०० किलोमीटरच्या धावपट्टीवरील शर्यतीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. या शर्यतीतील पहिले दोन क्रमांक ब्रिटनच्या चार्ल्स बार्टलेट व चार्ल्स डेनी यांनी पटकावले होते. पुढच्याच वर्षी लापीझ यांनी व्यावसायिक क्षेत्रात प्रवेश केला.

व्यावसायिक कारकीर्द

व्यावसायिक खेळाडू म्हणून पहिल्याच हंगामात, १९०९ मध्ये, लापीझ यांनी पॅरिस–रूबे शर्यत जिंकली. ही शर्यत उत्तर फ्रान्समधील ओबडधोबड दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवरून जाते आणि एका दिवसाच्या शर्यतींमध्ये ती अतिशय कष्टाची मानली जाते. १९१० व १९११ मध्येही लापीझ यांनी ती जिंकली. अशी सलग तीन विजयांची कामगिरी पुढे इटलीच्या फ्रान्चेस्को मोझेर यांनी १९७८ ते १९८० या काळात केली. मधली सुमारे सात दशके हा मान एकट्या लापीझ यांच्याकडे होता.

१९११ मध्ये त्यांनी पॅरिस–तूर ही शर्यत जिंकली. पॅरिस–ब्रुसेल्स ही शर्यत आणि फ्रान्सचे राष्ट्रीय रस्ता विजेतेपद या दोन्हींवर त्यांनी १९११, १९१२ व १९१३ अशी सलग तीन वर्षे आपले नाव कोरले. वेगवान शेवट करण्याची क्षमता आणि चढावर टिकून राहण्याची चिकाटी हे दोन गुण एकाच खेळाडूत क्वचित आढळतात. लापीझ यांच्यात ते दोन्ही होते.

तूर द फ्रान्स आणि डोंगर

तूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ मध्ये 'लोतो' या क्रीडा दैनिकाने सुरू केली. दैनिकाचा खप वाढवणे हा तिचा उघड हेतू होता. संपादक आंरी देग्रांज (१८६५–१९४०) हे शर्यतीचे सर्वेसर्वा होते. शर्यत जितकी अवघड, तितक्या तिच्या बातम्या रंजक आणि तितका दैनिकाचा खप अधिक, हे गणित त्यांनी अचूक ओळखले होते. पहिल्या काही वर्षांत शर्यतीचा मार्ग मोठ्या पर्वतांना टाळून जात असे. १९०५ मध्ये फ्रान्सच्या पूर्वेकडील बालों दाल्झास हा डोंगर मार्गात घेण्यात आला आणि रने पोतिए यांनी तो सर्वांत आधी पार केला. या डोंगरावरील रस्त्याची उंची मात्र १,२०० मीटरपेक्षा कमी होती.

पिरेनीज पर्वतरांगेतून शर्यत न्यावी, ही कल्पना देग्रांज यांचे सहकारी पत्रकार आल्फाँस स्तेनेस यांची होती. फ्रान्स व स्पेन यांच्या सीमेवरील या रांगेतील रस्ते तेव्हा अरुंद, कच्चे व खडबडीत होते. वरच्या भागांत बर्फ दीर्घकाळ साचून राहत असे आणि रानात अस्वलांचा वावर होता. देग्रांज प्रथम या कल्पनेला राजी नव्हते. रस्त्याची पाहणी करण्यासाठी स्तेनेस स्वतः तूरमालेकडे निघाले. त्यांची मोटार बर्फात अडकली, तेव्हा उरलेली वाट त्यांनी अंधारात पायी तुडवली. रात्री उशिरा ते पलीकडच्या बाजूच्या बारेज गावी थकून-भागून पोहोचले. तरीही त्यांनी पॅरिसला तार केली ती रस्ता उत्तम असून जाण्यायोग्य असल्याची. पुढे शर्यतीच्या इतिहासात प्रसिद्ध झालेली ही तार वस्तुस्थितीला धरून नव्हती. पण तिच्यामुळे देग्रांज यांचा निर्णय झाला.

तूरमाले खिंड

तूरमाले खिंड नैर्ऋत्य फ्रान्सच्या ओत-पिरेने या विभागात असून तिची उंची समुद्रसपाटीपासून २,११५ मीटर आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, म्हणजे या खिंडीतील रस्ता कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही सुमारे ४७० मीटर अधिक उंचीवरून जातो. पूर्वेकडून सेंत-मारी-द-कांपाँ या गावापासून चढ सुमारे १७ किलोमीटरचा असून तेवढ्या अंतरात रस्ता जवळजवळ १,२७० मीटर वर चढतो. पश्चिमेकडून ल्युझ-सें-सोव्हर गावापासून हेच अंतर सुमारे १९ किलोमीटर, तर चढण सुमारे १,४०० मीटर आहे. दोन्ही बाजूंनी सरासरी चढ शेकडा सात मीटरहून अधिक भरतो.

तूरमालेवर सायकल प्रथम नेली गेली ती लापीझ यांच्या काळात नव्हे. १९०२ मध्ये तूरिंग क्लब द फ्रान्स या प्रवासी संस्थेने पर्यटनासाठीच्या सायकलींची चाचणी याच खिंडीत घेतली होती. त्यात मार्त एस या महिलेने गिअर असलेल्या सायकलवरून, पाय जमिनीला न लावता, ही चढण पार केली होती. चढासाठी गिअर उपयुक्त असल्याचे त्यातून सिद्ध झाले होते. देग्रांज यांना मात्र गिअर बदलण्याची यांत्रिक सोय शर्यतीत नको होती. यंत्रापेक्षा माणसाच्या स्नायूंचा कस लागावा, असे त्यांचे मत होते. तूर द फ्रान्समध्ये गिअर बदलण्याच्या यंत्रणेला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. त्यामुळे लापीझ यांच्या पिढीतील खेळाडूंना चढ आला की खाली उतरून मागचे चाक काढावे लागे आणि दुसऱ्या बाजूचे, अधिक दात्यांचे चक्र साखळीखाली येईल असे ते उलटे बसवावे लागे. पंक्चर झालेला टायर बदलणे व मोडतोड दुरुस्त करणे हेही त्यांनाच करावे लागे. जादा टायर ते खांद्यांभोवती गुंडाळून नेत असत.

१९१० ची शर्यत

१९१० ची तूर द फ्रान्स ३ जुलै रोजी पॅरिसहून सुरू झाली. एकूण १५ टप्पे व सुमारे ४,७३४ किलोमीटर अंतराच्या या शर्यतीत ११० खेळाडू उतरले. तेव्हा विजेता एकूण वेळेवरून ठरत नसे. प्रत्येक टप्प्यातील क्रमांकाइतके गुण खेळाडूच्या नावे लिहिले जात आणि शेवटी सर्वांत कमी गुण असलेला खेळाडू विजेता ठरे. लापीझ आल्सियों या सायकल कंपनीच्या संघात होते. आदल्या वर्षीचे विजेते फ्रांस्वा फाबेर आणि गुस्ताव्ह गारिगू हे त्यांचे सहकारीही याच संघातील असल्याने खरी चुरस एकाच संघात होती. धिप्पाड शरीराचे फाबेर सपाट रस्त्यावर बलाढ्य होते, तर हलक्या अंगाच्या लापीझ यांना चढ मानवत असे.

ल्योंहून ग्रेनोब्लला जाणारा पाचवा टप्पा लापीझ यांनी जिंकला, तरी पर्वत येईपर्यंत आघाडी फाबेर यांच्याकडेच होती. याच शर्यतीत १४ जुलै रोजी, नीस येथील विश्रांतीच्या दिवशी, आदोल्फ एलिएर हे खेळाडू समुद्रात पोहताना मरण पावले. तूर द फ्रान्स चालू असताना झालेला हा पहिला मृत्यू होय.

१९ जुलैच्या पेर्पिन्याँ–ल्युशाँ या नवव्या टप्प्यात शर्यतीने पिरेनीजमध्ये प्रवेश केला. २८९ किलोमीटरचा हा टप्पा लापीझ यांनी जिंकला. एक दिवसाच्या विश्रांतीनंतर २१ जुलै रोजी ल्युशाँ–बायोन हा ३२६ किलोमीटरचा दहावा टप्पा होता. पेरसूर्द, आस्पँ, तूरमाले व ओबिस्क या चार मोठ्या खिंडी त्यात एकापाठोपाठ एक येत होत्या. पहाटे साडेतीनच्या सुमारास अंधारातच खेळाडू निघाले. मागे पडणाऱ्या व शर्यत सोडणाऱ्या खेळाडूंना गोळा करण्यासाठी शर्यतीच्या शेवटी एक गाडी ठेवण्याची प्रथाही याच वर्षी सुरू झाली.

लापीझ तूरमालेच्या माथ्यावर सर्वांत आधी पोहोचले. चढाचा काही भाग त्यांनी सायकल हातात धरून चालत पार केला. त्यांच्या मागोमाग आलेल्या गारिगू यांनी मात्र एकदाही न उतरता संपूर्ण चढ पायडल मारीत पार केला आणि त्याबद्दल त्यांना १०० फ्रँकचे खास बक्षीस मिळाले. तूरमालेच्या उतारानंतर ओबिस्कचा चढ लागला. तेथे आयोजकांतर्फे स्तेनेस व व्हिक्टर ब्रेये खेळाडूंची वाट पाहत होते. आजारपणामुळे देग्रांज तेथे नव्हते. बराच वेळ कोणीच न आल्याने आयोजक चिंतेत पडले होते. अखेर फ्रांस्वा लाफुरकाद हे फारसे परिचित नसलेले खेळाडू थकव्याने निःशब्द होऊन पुढे निघून गेले. सुमारे पाव तासाने लापीझ सायकल ढकलत आले. आयोजकांना पाहताच त्यांचा राग अनावर झाला. माणसांकडून असले श्रम करून घेणारे लोक खुनी आहेत, अशा आशयाचा आरोप त्यांनी तोंडावर केला आणि शर्यत सोडण्याचा इरादाही बोलून दाखवला.

लोकस्मृतीत हा प्रसंग अनेकदा तूरमालेच्या माथ्यावर घडल्याचे सांगितले जाते. त्या दिवशीच्या वृत्तांतांवरून तो ओबिस्कच्या चढावर घडल्याचे दिसते. तूरमालेची कीर्ती अधिक असल्याने हा प्रसंग तिच्याशी जोडला गेला असावा.

लापीझ यांनी शर्यत सोडली नाही. उतारावर त्यांनी पुन्हा वेग धरला, लाफुरकाद यांना मागे टाकले आणि इटलीच्या पिएरिनो आल्बिनी यांच्यावर मात करून बायोन येथे टप्पा जिंकला. त्यांना सुमारे १४ तास १० मिनिटे लागली. अनेक खेळाडू त्यानंतर कित्येक तासांनी पोहोचले.

पिरेनीजनंतर फाबेर यांची आघाडी घटत गेली. अखेरच्या दिवसांत लापीझ त्यांच्या पुढे गेले आणि ब्रेस्त–कां हा चौदावा टप्पाही त्यांनी जिंकला. ३१ जुलै रोजी शर्यत पॅरिसला संपली तेव्हा लापीझ यांचे ६३, फाबेर यांचे ६७ व गारिगू यांचे ८६ गुण होते. निघालेल्या ११० खेळाडूंपैकी अवघे ४१ पॅरिसला परतले. केवळ चार गुणांच्या या फरकाकडे पाहता पिरेनीजमधील दोन विजय निर्णायक ठरले, हे स्पष्ट होते.

नंतरची वर्षे

डोंगरी टप्प्यांवर खेळाडूंनी केलेल्या टीकेनंतरही आयोजकांनी माघार घेतली नाही. वाचकांना डोंगरातील झुंज भावली होती. १९११ मध्ये आल्प्समधील गालिबिए ही अडीच हजार मीटरहून उंच खिंड मार्गात आली आणि एमिल जॉर्जे यांनी ती सर्वप्रथम पार केली. १९१३ मध्ये तूरमालेच्या उतारावर अजेन क्रिस्तोफ यांच्या सायकलचा पुढचा फोर्क मोडला. सायकल खांद्यावर घेऊन ते अनेक किलोमीटर चालत सेंत-मारी-द-कांपाँ येथील लोहाराच्या भट्टीपर्यंत गेले व त्यांनी स्वतः फोर्क सांधला. भट्टीचा भाता एका मुलाने ओढला म्हणून त्यांना नियमभंगाबद्दल दंड झाला. लापीझ यांनी ज्या कठोरपणाविरुद्ध तोंड उघडले होते, तो तीन वर्षांनंतरही कायम असल्याचे या घटनेतून दिसते.

स्वतः लापीझ यांना तूर द फ्रान्स पुन्हा पूर्ण करता आली नाही. ते अनेकदा या शर्यतीत उतरले. परंतु १९१० चा अपवाद वगळता प्रत्येक वेळी त्यांनी ती अर्ध्यावर सोडली. त्यांपैकी १९१२ ची माघार विशेष गाजली. त्या वर्षी बेल्जियमचे ओदिल देफ्राय आघाडीवर होते. वेगवेगळ्या संघांतील बेल्जियन खेळाडू आपल्या देशबांधवाला नियमबाह्य साहाय्य करीत असल्याची तक्रार करून लापीझ यांनी पिरेनीजमध्येच शर्यत सोडली. त्यांच्या ला फ्रांसेझ संघातील सहकाऱ्यांनीही त्यांच्या पाठोपाठ माघार घेतली. अन्याय वाटल्यास गप्प न बसण्याचा त्यांचा स्वभाव येथेही दिसून येतो. तूर द फ्रान्समध्ये त्यांनी एकूण सहा टप्पे जिंकले.

महायुद्ध व मृत्यू

१९१४ ची तूर द फ्रान्स २८ जून रोजी सुरू झाली. त्याच दिवशी सारायेव्हो येथे ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड यांची हत्या झाली. शर्यत संपल्यानंतर काही दिवसांतच युरोपात युद्ध भडकले आणि अनेक सायकलपटू सैन्यात गेले. लापीझ पुढे विमानदलात दाखल झाले व सार्जंट दर्जाचे लढाऊ वैमानिक बनले.

१४ जुलै, १९१७ रोजी, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, ईशान्य फ्रान्समधील म्यूर्त-ए-मोझेल विभागातील फ्लिरे गावाजवळ त्यांचे विमान हवाई चकमकीत पाडण्यात आले. गंभीर जखमी झालेल्या लापीझ यांचे तूल येथील रुग्णालयात निधन झाले.

या युद्धात तूर द फ्रान्सचे तीन माजी विजेते मृत्युमुखी पडले. लापीझ यांचे प्रतिस्पर्धी व सहकारी फ्रांस्वा फाबेर ९ मे, १९१५ रोजी रणभूमीवर मारले गेले. १९०७ व १९०८ चे विजेते ल्युसियें पती-ब्रतों यांचा २० डिसेंबर, १९१७ रोजी सैन्यसेवेत असताना मोटार अपघातात अंत झाला. १९१० च्या शर्यतीत पहिले दोन क्रमांक मिळवणाऱ्यांपैकी कोणीही १९१९ मध्ये पुन्हा सुरू झालेली शर्यत पाहायला उरले नव्हते.

वारसा

तूरमाले ही आज तूर द फ्रान्सच्या मार्गात सर्वाधिक वेळा समाविष्ट झालेली उंच खिंड आहे. चढांवर प्रथम येणाऱ्यांसाठी शर्यतीत १९३३ पासून स्वतंत्र गुणांकन सुरू झाले. त्या गटात अग्रेसर असलेल्या खेळाडूला 'पर्वतांचा राजा' म्हणतात आणि १९७५ पासून त्याला पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी दिली जाते. महाराष्ट्रातील मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाटाचा खोपोली ते खंडाळा हा चढ सर्वांत आधी चढणाऱ्यास 'घाटाचा राजा' हा किताब दिला जातो. दोन्हींमागची कल्पना एकच आहे. अंतिम विजेता कोणीही असो, चढावरचा पराक्रम स्वतंत्रपणे गौरवण्याजोगा असतो.

२०१० मध्ये पिरेनीजमधील प्रवेशाच्या शताब्दीनिमित्त शर्यतीने तूरमाले दोनदा चढली. त्यांपैकी माथ्यावर संपलेला टप्पा लक्झेंबर्गच्या अँडी श्लेक यांनी जिंकला. आता तेथे डांबरी रस्ता आहे, सायकली हलक्या व अनेक गिअरच्या आहेत, आणि खेळाडूंच्या मागे यांत्रिक व वैद्यकीय मदतीच्या गाड्या असतात. १९१० मध्ये यांपैकी काहीच नव्हते.

तूरमालेच्या माथ्यावर शिल्पकार जाँ-बर्नार मेते यांनी घडवलेला सायकलस्वाराचा भव्य धातूपुतळा असून तो लापीझ यांचे स्मारक मानला जातो. चढावर धाप लागलेला, मान वळवलेला असा हा स्वार आहे. हिवाळ्यात खिंड बर्फामुळे बंद होत असल्याने पुतळा दरवर्षी खाली आणला जातो आणि उन्हाळ्याच्या प्रारंभी असंख्य सायकलस्वारांच्या सोबतीने पुन्हा माथ्यावर नेऊन बसवला जातो. पॅरिसजवळील व्हिलिए-स्युर-मार्न येथील क्रीडांगणाला लापीझ यांचे नाव दिलेले आहे. पायडलला पाय बांधून ठेवणारे 'लापीझ' या नावाचे चामडी पट्टे अनेक दशके सायकलपटूंच्या वापरात होते.

प्रमुख विजय

• ऑलिंपिक कांस्यपदक, १०० किलोमीटर – १९०८
• पॅरिस–रूबे – १९०९, १९१०, १९११
• तूर द फ्रान्स – १९१० (विजेतेपद व चार टप्पे)
• पॅरिस–तूर – १९११
• पॅरिस–ब्रुसेल्स – १९११, १९१२, १९१३
• फ्रान्सचे राष्ट्रीय रस्ता विजेतेपद – १९११, १९१२, १९१३